मांडव लहान, हिशोब मोठा



पोळा झाला, गणपती उठले की आपल्याकडे सभांचा हंगाम सुरू होतो. विकास सोसायटीची सभा, दूध संस्थेची सभा, पतसंस्थेची सभा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात एक नवी भर पडली आहे, ती म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा. तालुक्यात अशा कंपन्या आता बऱ्याच झाल्या. कुणी तूर-सोयाबीन गोळा करतं, कुणी बियाणं करतं, कुणी डाळ मिल चालवतं. कामं वेगवेगळी, पण सभेचा थाट मात्र सगळीकडे सारखाच दिसू लागला आहे. रस्त्यावर कमान, चौकात फ्लेक्स, स्टेजवर सोफा, शाली-गुच्छांचा ढीग आणि जेवणानंतर मैदानभर उडणारे कप अन् पत्रावळ्या.

कंपनी म्हटली की सभा कंपनीसारखी दिसली पाहिजे, असं आपल्या संचालक मंडळींना वाटतं. ते चुकीचं नाही. पण कंपनीसारखी म्हणजे कशी, हा खरा प्रश्न आहे. सभासद हा कंपनीचा मालक आणि वार्षिक सभा ही मालकाने हिशोब विचारायची जागा. ज्या सभेत हार घालायला एक तास आणि ताळेबंदाला पाच मिनिटं मिळतात, ती सभा कितीही झगमगीत असली तरी कंपनीची नव्हे, ती वरात झाली. म्हणून यंदा सभेची तयारी करताना तीन गोष्टी एकदम साधता येतील का, ते पाहू. खर्च कमी, कचरा कमी आणि सभासदाच्या डोक्यात हिशोब पक्का.

आधी कायदा काय म्हणतो?

उत्पादक कंपनीची सोय आपल्या कायद्यात २००२ साली झाली. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीनंतर जुन्या कंपनी कायद्यात त्यासाठी वेगळा भाग घातला गेला. पुढे २०२० च्या दुरुस्तीने तो भाग २०१३ च्या कंपनी कायद्यात आला. सहकारी संस्थेसारखा 'एक सभासद, एक मत' हा नियम आणि कंपनीसारखी कागदोपत्री शिस्त, असा हा मेळ आहे.

सभेपुरत्या पाच बाबी ध्यानात ठेवा. एक, दोन वार्षिक सभांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. दोन, सभेची लेखी सूचना किमान चौदा दिवस आधी सभासदाला पोचली पाहिजे. तिच्यासोबत विषयपत्रिका, मागील सभेचं इतिवृत्त आणि तपासलेला ताळेबंद हवा. तीन, सभा कामकाजाच्या वेळेत, सार्वजनिक सुट्टी सोडून आणि नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते ज्या गावात आहे त्याच गावात घ्यायची. चार, कंपनीच्या नियमावलीत जास्त आकडा लिहिलेला नसेल तर एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश हजेरी ही गणसंख्या. पाच, सभेनंतर साठ दिवसांत इतिवृत्त आणि हिशोब निबंधकाकडे दाखल करायचे.

हे नियम नीट वाचले तर एक गंमत दिसते. कायद्याने कुठेही स्टेज, कमान, सोफा मागितलेला नाही. गावातली जागा मागितली आहे, दिवसाची वेळ मागितली आहे आणि माणसं मागितली आहेत. म्हणजे स्वस्त आणि साधी सभा हीच कायद्याच्या जवळची सभा आहे. तालुक्याच्या मंगल कार्यालयात रविवारी संध्याकाळी दिव्यांच्या माळांत घेतलेली सभा दिसायला छान, पण गाव वेगळं, दिवस सुट्टीचा आणि वेळ कामकाजाबाहेरची. तिथे तिन्ही बाबतींत प्रश्न उभा राहू शकतो.

चारशे सभासद, शंभर माणसं

गणसंख्येची गोष्ट जरा मनावर घ्या. चारशे सभासद असतील तर शंभर माणूस जागेवर हवा. कामानिमित्त ज्या सभांना जाणं होतं, तिथे एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. सकाळी अकराची वेळ दिलेली असते. पाहुणे दीडला येतात. तोवर लांबच्या वस्तीवरची मंडळी धारेची वेळ गाठायची म्हणून उठून जातात. जे उरतात त्यांचं लक्ष जेवणाच्या वासाकडे. मग अहवाल वाचन 'मंजूर, मंजूर' करत उरकतं आणि कमी पडलेल्या सह्या नंतर घरोघर फिरून गोळा होतात.

आता यात नुकसान कुणाचं? वरवर पाहिलं तर कुणाचंच नाही. पण ज्या सभासदाला मागच्या हंगामात तुरीला कटती का लागली, हमाली कशी धरली, भागभांडवलाचं काय झालं, हे विचारायचं होतं, तो न विचारताच घरी जातो. पुढच्या हंगामात तो आपली तूर गपचूप व्यापाऱ्याच्या काट्यावर नेतो. कंपनी कागदावर जिवंत राहते, पण तिच्या गोदामात माल येत नाही. कंपन्या बंद पडण्यामागे भांडवल, बाजारभाव अशी मोठी कारणं असतातच. पण अबोल झालेला सभासद हेही त्यातलं एक कारण आहे, आणि ते कारण तरी आपल्या हातातलं आहे.

म्हणून पहिला नियम असा करा. वेळ झाली, गणसंख्या भरली की सभा सुरू. पाहुणा एकच बोलवा आणि त्याचं भाषण शेवटी ठेवा. कायद्याचं कामकाज आधी, सत्कार-भाषणं नंतर. पाहुणा उशिरा आला तरी सभेचं काही अडत नाही.

जागा : मंडप कशाला, गोदाम आहे की

सप्टेंबरात परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. म्हणून मंडळी वॉटरप्रूफ मंडप घालतात आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. अहो, आपल्या कंपनीचं गोदाम त्या दिवसांत बहुधा रिकामंच असतं. सोयाबीन अजून शेतात, तूर तर फुलायची आहे. ते झाडून घ्या, सतरंज्या अंथरा, म्हाताऱ्या माणसांपुरत्या खुर्च्या भाड्याने आणा. गोदाम नसेल तर देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल, समाजमंदिर यांपैकी काहीतरी गावात असतंच. फक्त शाळा असेल तर मुलांचे तास बुडणार नाहीत, हे आधी गुरुजींशी बोलून ठरवा.

गोदामात सभा घेण्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. सभासदाला आपली मालमत्ता दिसते. चाळणी यंत्र चालवून दाखवा, काट्यावर एखादं पोतं ठेवून दाखवा. 'ही यंत्रं कर्जातून आली, कर्ज एवढं फिटलं, एवढं राहिलं' हे यंत्राशेजारी उभं राहून सांगितलं की अहवालाच्या दहा पानांत जे कळत नाही ते कळतं.

सभा दिवसा असल्याने दिव्यांचा, जनरेटरचा खर्चच नाही. दोनशे माणसांना गोदामात बॅटरीवरचा एक लहान स्पीकर पुरतो. मोठे भोंगे लावून सगळ्या गावाला सभा ऐकवण्याची गरज नाही. ज्याने ऐकायचं तो समोर बसलेला असतो.

दिवस आणि वाहनं

दिवस निवडताना आठवडी बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं तशीही एसटीने, जीपने येतातच. वेगळ्या फेऱ्या होत नाहीत, डिझेल-पेट्रोल वाचतं, हजेरीही वाढते. बाजार दुसऱ्या गावी असेल तर मात्र तो दिवस टाळा, नाहीतर सगळे तिकडे जातील.

वस्तीवार चार-पाच जणांनी मिळून एक गाडी करावी. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं भरून आणू नका. ते नियमात बसत नाही, आणि ट्रॉली उलटून होणारे अपघात आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. चार पैसे वाचवण्यासाठी तो धोका नको.

फलक, पाणी, पत्रावळ

आता कचऱ्याकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. एकदाच वापरून फेकायची ताटं, कप, वाट्या, पेले तिच्यात आले. पहिल्या वेळी पकडलं तर पाच हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तुरुंगवासही होऊ शकतो. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारची देशभराची बंदी आली. तिच्यात सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलकही आहेत. तेव्हा सभेतला कचरा हा आता नुसता स्वच्छतेचा विषय राहिलेला नाही. कंपनीच्या नावाने पावती फाटू शकते.

फ्लेक्सचं पाहा. पीव्हीसीचा फलक सभेनंतर दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतो, कारण त्यावर तारीख आणि पाहुण्याचा फोटो असतो. मग तो कडब्याच्या गंजीवर जातो किंवा चुलीत. चुलीत घातला तर त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. घरातल्या बाईमाणसाने आणि लेकराने तो श्वासात घ्यावा, असं काहीच त्यात नाही. त्याऐवजी गावातल्या पेंटरकडून एक चांगला कापडी फलक रंगवून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, 'वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढंच. तारीख आणि साल शेजारच्या फळ्यावर खडूने लिहा. तोच फलक पाच वर्षं चालतो आणि पेंटरलाही काम मिळतं. स्वागताला दारात आंब्याचं तोरण आणि रांगोळी. त्याहून देखणी कमान कोणती?

पाण्याचा हिशोब करा. दोनशे माणसं, प्रत्येकी २०० मिलीच्या तीन बाटल्या धरल्या तर सहाशे रिकाम्या बाटल्या. त्याऐवजी दोन रांजण किंवा चार मोठे माठ, त्यावर झाकण, काढायला ओगराळं आणि स्टीलचे पेले. पावसाळ्याच्या शेवटी हगवण-उलट्यांची साथ असते, म्हणून पाणी टीसीएल टाकून शुद्ध केलेलं आहे ना, याची ग्रामपंचायतीत खात्री करा. माठात हात बुडवू देऊ नका. चहाला कागदी कप नको. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो धड कुजतही नाही. स्टीलचे किंवा काचेचे पेले भाड्याने मिळतात.

बऱ्याच गावांत देवस्थानाची, नाहीतर महिला बचत गटाची भांडी असतात. ती भाड्याने घ्या. नसतील तर कंपनीने बचत गटाला सुचवावं की दोनशे ताटं-वाट्या-पेल्यांचा संच घ्या, लग्न-बारसं-सभा सगळ्यांना भाड्याने द्या. गटाला बारमाही धंदा आणि गावाला बारमाही सोय. भांडी घासलेलं पाणी वाया न घालवता शोषखड्ड्याकडे, नाहीतर केळीच्या आळ्याकडे काढून द्या.

ताटं नसतील तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. पळस आपल्याच माळावरचा, त्या लावणारे हातही आपल्याच भागातले. पण विकत घेताना उलटून बघा. वर पान आणि खाली प्लॅस्टिकचा कागद, अशी पत्रावळ बाजारात सर्रास मिळते. ती जनावराने खाल्ली की प्लॅस्टिक पोटात अडकून राहतं आणि शेवटी जनावर हातचं जातं.

जेवण : बेत साधा, मोजमाप पक्कं

सभेच्या जेवणात गोड काय, यावरून संचालकांची बैठक तासभर चालते. कितीजण येणार, यावर मात्र कुणी बोलत नाही. अन्न वाया जातं ते इथे. वस्तीवार एकेक सभासदाला जबाबदारी द्या. त्याने दोन दिवस आधी आकडा कळवायचा. मग मोजमाप करा. ज्वारीच्या भाकरीला साधारण शंभर ग्रॅम पीठ लागतं. माणशी दोन भाकरी धरल्या तर दोनशे माणसांना चाळीस किलो पीठ. आमटीला माणशी पन्नास ग्रॅम डाळ धरली तर दहा किलो डाळ. सोबत ठेचा, कांदा, वाफाळता भात आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू. यात खायला कमी काहीच नाही. तेल आणि साखर सोडली तर बहुतेक माल सभासदांच्याच शेतातला, आणि डाळ कंपनीची. आपल्या डाळीची चव सभासदाला आपल्याच सभेत कळावी, यापेक्षा चांगली जाहिरात नाही.

हरिनाम सप्ताहात गावं हजारो माणसं जेवू घालतात, ती कोणत्या केटररच्या जिवावर? घरटी भाकरी गोळा होतात आणि आमटी एका ठिकाणी शिजते. ही रीत सभेलाही चालते. पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरटी भाकरी म्हटलं की तो भार घरातल्या बाईवरच पडतो. ती पहाटे उठून भाकरी थापणार आणि सभेला जाणार तिचा नवरा. असं होणार असेल तर ही काटकसर खोटी आहे, कारण तिच्या कष्टाची किंमत कुठेच धरलेली नाही. त्यापेक्षा बचत गटाला रीतसर मजुरी देऊन काम द्या. पैसा गावातच राहतो. आणि ज्या बाया स्वतः सभासद आहेत त्यांना चुलीपाशी न ठेवता सतरंजीवर पुढच्या रांगेत बसवा. स्वयंपाक सभेच्या आधी उरकेल अशी वेळ ठरवा.

तरीही काही उरलंच तर? चांगलं अन्न वेळेत वस्तीवर वाटा. उरलेला भात, भाकरी, आमटी घमेलंभर एकाच गाईपुढे ओतू नका. शिजलेलं धान्य एकदम जास्त खाल्लं की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद होतं आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जनावर दगावतं. लग्नसराईत असे प्रकार नेहमी घडतात. थोडं थोडं, वैरणीत मिसळून, अनेक जनावरांत वाटून द्या.

पत्रावळी, भाजीची देठं, फुलं, तोरण हे सगळं नाडेप हौदात जाऊ द्या. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा हवेसाठी भोकं ठेवलेला विटांचा हौद. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देत भरला की तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. खरकटं मात्र गांडूळखताच्या वाफ्यात घालू नका. मीठ, तेल, तिखट गांडुळांना सोसत नाही.

सत्कार : शालीऐवजी काय?

गुच्छावर प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि तो संध्याकाळपर्यंत सुकतो. शाली तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरतात. सत्कार जरूर करा, पण मोजक्यांचा करा. ज्याने सर्वात स्वच्छ माल दिला, ज्या बाईने बीजोत्पादनाचा प्लॉट उत्तम ठेवला, ज्या हमालाने हंगामभर एक पोतं फाटू दिलं नाही, त्यांचा. त्यांना कापडी पिशवीत कंपनीची किलोभर डाळ द्या किंवा सीताफळाचं, आंब्याचं चांगलं कलम द्या. पावसाच्या ओलीवर कलम लागून जाईल. मात्र ज्याच्याकडे पाणी नाही, कुंपण नाही त्याला कलम देऊन ते वाळवू नका. त्याला डाळच बरी.

हिशोब डोळ्यांना दिसू द्या

आता कल्पकतेचं बोलू. कल्पकता म्हणजे पडद्यावर रंगीत चित्रं फिरवणं नव्हे. गावाच्या लोकांना हिशोब कळतो, तो त्यांच्या मापात सांगावा लागतो. कृषी खात्याच्या शेतीशाळेत आम्ही पंचवीस-तीस शेतकऱ्यांना घेऊन बांधावर बसतो. किडी मोजून त्यांचं चित्र शेतकऱ्यांनाच मोठ्या कागदावर काढायला लावतो. ही पद्धत १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भाताच्या किडींवर काम करताना सुरू झाली आणि पुढे जगभर गेली. लोकसहभागातून गावाचं नियोजन करतानाही जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, विहिरीला खडा, झाडाला पान ठेवतात. याच रीती सभेला वापरा.

पहिली रीत रुपयाच्या भाकरीची. जमिनीवर रांगोळीने मोठी गोल भाकरी काढा. कंपनीने माल विकून मिळवलेला शंभर रुपयांचा धंदा म्हणजे ही भाकरी. त्यातला शेतकऱ्याच्या हाती किती गेला, वाहतुकीला किती, हमाली-बारदानाला किती, व्याजाला किती, पगाराला किती आणि शिल्लक किती, तेवढे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात शंभर शेंगांपैकी तेवढ्या शेंगा ठेवा. न शिकलेल्या म्हातारीलाही कळतं की व्याजाचा तुकडा फार मोठा झालाय. मग ती विचारते, "एवढं याज का रं?" सभा यासाठीच असते.

दुसरी रीत दाण्यांची. पुढच्या वर्षी कंपनीने काय करावं, यावर भाषणं नकोत. चार-पाच टोपल्या ठेवा. एकीवर डाळ मिल, एकीवर औजारं भाड्याने देणं, एकीवर बियाणं, एकीवर खत-औषधांचं दुकान. न वाचता येणाऱ्यांसाठी चित्रं चिकटवा. प्रत्येक सभासदाला तुरीचे तीन दाणे द्या. त्याने हव्या त्या टोपलीत टाकायचे. शेवटी दाणे मोजा. मोठ्या आवाजाचा सभासद आणि गप्प बसणारी बाई, दोघांकडेही तीनच दाणे. मात्र लक्षात ठेवा, ही नुसती कल घेण्याची रीत आहे. संचालकांची निवड, ठराव, लेखापरीक्षकाची नेमणूक हे सगळं कायद्याप्रमाणेच मतदान घेऊन आणि इतिवृत्तात लिहूनच करायचं.

तिसरी रीत चिठ्ठीची. सूचनेसोबत कोरी चिठ्ठी पाठवा. ज्याला उभं राहून बोलायचा संकोच वाटतो त्याने प्रश्न लिहून पेटीत टाकावा. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर एकेक चिठ्ठी उघडून उत्तर द्यावं. उत्तर माहीत नसेल तर 'पंधरा दिवसांत फळ्यावर लावतो' असं सांगावं आणि खरंच लावावं.

सभेत हिशोब मांडण्याचं मोठं उदाहरण हवं असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे बघा. तिथे पावसाचं पाणी मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. पाण्याचा हिशोब लोकांना कळतो तर पैशाचा का कळू नये?

कागदाचाही विचार करा. चारशे सभासद आणि सोळा पानांचा अहवाल म्हणजे सहा हजार चारशे पानं. कायद्याने जी कागदपत्रं द्यायची ती द्यायचीच, त्यात काटछाट नको. पण दोन्ही बाजूंनी छापलं तर कागद निम्मा लागतो. गुळगुळीत मुखपृष्ठ, संचालकांचे रंगीत फोटो, शुभेच्छांच्या जाहिराती यांना फाटा द्या. मोबाईलच्या गटावरचा निरोप ही आठवण म्हणून ठीक आहे, पण ती लेखी सूचनेची जागा घेते असं आपल्या मनाने धरू नका. आपल्या सनदी लेखापालाला विचारून घ्या.

हिशोब सभेचाच

आता सभेचाच हिशोब मांडू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातले दर टाकून बघा. चारशे सभासदांची कंपनी, हजर दोनशे.

थाटाची सभा : मंडप, स्टेज, खुर्च्या १८,००० रुपये, साउंड आणि जनरेटर ७,०००, कमान आणि फ्लेक्स ६,०००, हार, गुच्छ, शाली, सन्मानचिन्हं ९,०००, केटररचं जेवण १३० रुपयांप्रमाणे २६,०००, बाटल्या, कप, पत्रावळी ४,०००. एकूण ७०,००० रुपये.

बेताची सभा : गोदाम सफाई, सतरंज्या, थोड्या खुर्च्या २,५०० रुपये, लहान स्पीकर १,०००, कापडी फलक १,५००, सत्काराची डाळ आणि कलमं १,५००, बचत गटाचं जेवण ६५ रुपयांप्रमाणे १३,०००, भांडी भाडं आणि पाण्याची सोय २,०००, फळा, खडू, मोठे कागद, रांगोळी ५००. एकूण २२,००० रुपये.

फरक ४८,००० रुपयांचा. हा पैसा कुणाचा? सभासदांचा. चारशे जणांत वाटला तर माणशी १२० रुपये. वाटून फारसं काही होणार नाही, पण एकत्र ठेवला तर कंपनीला एक चांगलं ओलावामापक यंत्र आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायला हातभार लागेल. हमीभावाच्या खरेदीत तुरीला आणि सोयाबीनला बारा टक्के ओलाव्याची मर्यादा असते. माल परत येतो, कटती लागते ती बहुतेक वेळा ओलाव्यावरूनच. आपल्याच गोदामात ओलावा मोजून, दोन दिवस ऊन देऊन माल पाठवता आला, तर तो एक दिवसाच्या मंडपापेक्षा किती तरी जास्त दिवस कामाला येईल.

हीच रीत संचालक मंडळाच्या बैठकीलाही लावा. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांतून किमान एक आणि वर्षाला किमान चार बैठका घ्याव्या लागतात. त्या हॉटेलात कशाला? एक बैठक गोदामात, एक बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, एक एखाद्या सभासदाच्या ओट्यावर घ्या. तिथे चहासोबत चार सभासदही भेटतात आणि खरी परिस्थिती कळते.

आजपासून काय करायचं?

सभेच्या एक महिना आधी संचालकांनी बसून जागा, दिवस आणि वेळ ठरवावी. तीन आठवडे आधी छपाई उरकावी. चौदा दिवसांची मुदत सांभाळून सूचना पोचवावी आणि पोचल्याची सही घ्यावी. आठवडाभर आधी भांडी, सतरंज्या, फलक पाहून ठेवावेत. दोन दिवस आधी जेवणाऱ्यांचा आकडा घ्यावा. सभेच्या दिवशी साडेदहाला हजेरी, अकराला सुरुवात. पहिला दीड तास हिशोब, प्रश्न, ठराव. मग अर्धा तास दाण्यांचा कल, मग सत्कार आणि पाहुणा, मग पंगत. पंगत उठल्यावर सभासद आणि संचालक यांनी मिळून अर्ध्या तासात जागा झाडून काढावी. त्याच संध्याकाळी सभेचा एकूण खर्च फळ्यावर लिहून गोदामाच्या दाराशी लावावा.

सभासदांनाही एक विनंती आहे. साधी सभा बघून 'यंदा काही थाट नाही केला' असं म्हणू नका. तो टोमणा ऐकावा लागेल म्हणूनच संचालक कर्ज काढून कमानी उभारतात. त्याऐवजी सूचनेसोबत आलेला ताळेबंद घरच्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या, एक प्रश्न लिहून आणा आणि वेळेवर येऊन पुढे बसा. कंपनी आपली आहे. गोदामात माल येतो तो सभासदाच्या विश्वासावर, आणि विश्वास येतो तो समजलेल्या हिशोबावर.